अकरा मिनिटं पुढे

रज्जाक तांडेलाने पेटी काउंटरवर ठेवली,
अजिबात आवाज न करता.
आमच्या नाट्यात रागावलेला माणूस वस्तू अशीच ठेवतो.
"तुजा घड्याळ फुडं पळतंय.
भरती झाली म्हणून घंटी दिलीन्, आणि खाडीच्या तोंडाशी
पाणी कमरेएवढं.
होडी वाळूत बसली. सगळ्या बंदराने बघितलं."

पेटी माझी. आखणी माझी, डाग माझे,
पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नावही माझंच:
तस्लीमा सोलकर, दुरुस्ती व विक्री.
एका रात्रीत अकरा मिनिटं.

आत तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक आहे.
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो.
पंधरा वेळा निम्मं करत गेलं की एक उरतो,
एक सेकंद.
आवाज इतका बारीक त्याचा
की स्कोपची सुई टेकवून ऐकायला गेले
तर तो बोलायचाच थांबला.
सुई उचलली, पुन्हा सुरू.
म्हणून लांबून ऐकलं, चिपच्या दुसऱ्या पायावर,
जिथे तोच ठोका मोठ्याने सांगितला जातो.
दुकानातल्या बाकावर दिवसभर सगळं सरळ.

संध्याकाळी होडीवर जाऊन बसले, मांडीवर पेटी.
"इंजिन लाव," म्हटलं.
आणि पडद्यावर दिसला,
दोन खऱ्या ठोक्यांच्या मधोमध एक काटा.
मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.
चिप बिचारी मोजतेय.
तिला कोण सांगणार, हा ठोका नव्हे,
शेजारचा खोकला आहे.

शेजार कुणी दिला? मीच.
बारा व्होल्ट तोडून तीन करणारी ती दांडगी कॉइल,
तिची तार मी स्फटिकाच्या पोटाखालून नेली होती.
वळसा घातला असता तर दोन सेंटिमीटर जास्त लागले असते.
दोन सेंटिमीटर.
(रज्जाकला हे सांगितलं नाही. अजून नाही.)

माझे अब्दुलमामू खारबांधावर मजूर होते.
म्हणायचे, बांध दर्याशी भांडत नाही गो,
तो नुसता शेताभोवती फिरतो.
आणि उघाडी एकच ठेवायची.
दोन ठेवल्यास तर पाणी एकीकडून येतं, दुसरीकडून जातं,
आणि मधल्या भाताला वाटतं आपण खाडीत आहोत.

नवी पाटी कोरली.
स्फटिक चिपच्या अगदी कुशीत, पाय आखूड.
भोवती तांब्याचा बांध, जमिनीला एकाच ठिकाणी जोडलेला.
कॉइल पार पलीकडच्या टोकाला, तिची तार लांबून, लाज न बाळगता.
चिपच्या पायाशी एक कपॅसिटर, छोटी विहीर,
तहान लागली की पाणी जवळच असावं, लांबून धावत येऊ नये.
स्पिरिटने सगळं धुतलं,
कारण इथली हवा सुद्धा मीठ घेऊन येते आणि
ज्या दोन तारांची ओळख नाही त्यांची ओळख करून देते.
वाळल्यावर वर लाखेचा पातळ हात.
माझा मोबाईल तेवढा वेळ गल्ल्यात, बंद.

तरी खात्री अशी नव्हतीच.
लांबून ऐकलेलं खरं धरायचं, एवढंच हातात असतं.

नवव्या दिवशी रज्जाक आला.
पेटी आणली नव्हती.
मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं, या वेळी आवाज करत.
"ह्या लाव."
"कशाला?"
"तुज्या पेटीपरास तीन सेकंद फुडं हाय."

लावून दिलं.
मग म्हटलं, बस जरा,
त्या दोन सेंटिमीटरबद्दल बोलायचंय.